पाइपवायरवर गेमिंग: कर्नल अपडेटनंतरच्या आवाजाच्या कटकटींसह

लिनक्सवर गेम खेळणाऱ्यांपैकी बरेच जण आज पाइपवायर (गेम-ब्राउझरचा आवाज साउंड कार्डापर्यंत पोचवणारा प्रोग्राम) वापरतात, तेही न निवडताच. फेडोरा या लिनक्स डिस्ट्रोने (वितरणाने) ते 2021 मध्ये 34व्या आवृत्तीपासून दिलं, उबंटूने 22.10 पासून. मीही त्यातलाच. बरेच महिने झाले, मधे कर्नलही (लिनक्सचा गाभा) काही वेळा बदलला. मत चांगलं आहे, पण विनातक्रार नाही.

गेम, ब्राउझर आणि व्हॉइस चॅट एकदम सुरू असले तरी कोणी साउंड कार्ड अडवून बसत नाही. प्रोटॉनवरचा (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं साधन) गेम आपण पल्सऑडिओशीच, म्हणजे पाइपवायरच्या आधीच्या ध्वनी-प्रोग्रामशीच बोलतोय असं समजतो, पाइपवायरचा त्याला पत्ताही नसतो. हे इतकं सुरळीत चालतं की बिघडेपर्यंत त्याकडे लक्षच जात नाही.

बिघडतं ते बहुधा अपडेटनंतर. गेम काढून पुन्हा टाका, हा सल्ला हमखास मिळतो. मला तो निरुपयोगी वाटतो. रीबूट करा आणि सुरुवातीलाच येणाऱ्या ग्रबच्या मेन्यूतून आधीचा कर्नल निवडा. आवाज परतला तर गडबड खाली, अल्साच्या म्हणजे साउंड कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरमध्ये. हे ड्रायव्हर कर्नलचाच भाग आहेत. नाही परतला, तर कर्नलला शिव्या देण्यात अर्थ नाही. त्याच अपडेटमध्ये पाइपवायर किंवा वायरप्लंबरही (कोणता आवाज कुठे जायचा हे ठरवणारा पाइपवायरचा जोडीदार) बदललेलं असू शकतं. वायरप्लंबर 0.5 पासून तर ल्युआ या भाषेत लिहिलेली जुनी सेटिंग वाचतच नाही, आणि आपण खपून केलेली जुळवाजुळव गेली हे कळायलाही वेळ लागतो.

माझ्याकडे जुन्या कर्नलवर आवाज आला. नव्यावर कार्डांचा क्रम उलटला होता: एचडीएमआय शून्यावर, मदरबोर्डचा ऑडिओ एकवर. ब्राउझर ठीक, कारण तो पाइपवायरमार्फत जातो. एक जुना गेम मात्र थेट शून्य क्रमांकाचं कार्ड उघडणारा, त्यामुळे त्याचा सगळा आवाज स्पीकर नसलेल्या मॉनिटरकडे चालला होता. ड्रायव्हर लोड करणाऱ्या मॉडप्रोबच्या फाइलमध्ये कार्डांचे इंडेक्स (क्रमांक) नेमून दिल्यावर प्रश्न मिटला. त्याहून जुने, ओएसएसवर (अल्साच्या आधीची ध्वनी-व्यवस्था) चालणारे गेम असतील तर पॅडएसपी लावून बघा, ते त्यांचा आवाज पल्सऑडिओकडे वळवतं. बऱ्याच डिस्ट्रोंच्या कर्नलमध्ये ओएसएसची सोय बंदच असते.

खरखर हा वेगळा आजार. टर्मिनलमध्ये पीडब्ल्यू-टॉप (pw-top) चालवा आणि खेळताना एररचा रकाना बघा. आकडा वाढत असेल तर बफर वेळेत भरत नाहीये. पाइपवायरचा नेहमीचा क्वांटम (एका फेरीत पाठवायचा आवाजाचा तुकडा) 1024 नमुन्यांचा, म्हणजे 48000 हर्ट्झला साधारण 21 मिलिसेकंद. पण गेम त्याहून लहान मागू शकतो आणि प्रोसेसरवर ताण आला की आवाज फुटतो. स्टीमच्या लाँच ऑप्शनमध्ये पल्सऑडिओची लेटन्सी (आवाज पोचायला लागणारा उशीर) 60 मिलिसेकंद करा, हा सगळीकडे फिरणारा उपाय खरंच चालतो. कोडी सोडवायच्या गेमला 60 बिनधास्त ठेवा. नेमबाजीच्या गेममध्ये मात्र बंदूक झाडल्यावर आवाज उशिरा येतोय हे जाणवतं. तिथे मी 30च्या आसपास थांबतो आणि क्वचित येणारी खरखर सोसतो.

बराच वेळ शांतता आणि मग ‘टक्’ होऊन संवादाचा पहिला शब्द गायब, हे मला सगळ्यात जास्त छळलं. कारणं दोन असू शकतात. कर्नलचा एचडीए ड्रायव्हर (मदरबोर्डच्या ऑडिओचा) वीज वाचवायला कोडेक, म्हणजे साउंड चिप, झोपवतो, आणि वायरप्लंबरही पाच सेकंद काही वाजलं नाही की आउटपुट निजवतं. एकाच ठिकाणी बदल करून फरक पडला नाही तर दुसरीकडेही करा. डेस्कटॉपवर दोन्ही बंद ठेवायला हरकत नाही, लॅपटॉपवर बॅटरी थोडी जास्त जाते.

इंटेलच्या नव्या लॅपटॉपवर यादीत फक्त ‘डमी आउटपुट’ दिसत असेल तर यातलं काहीच करत बसू नका. कार्डच उभं राहिलेलं नाही. आधी डीमेसेगमध्ये (कर्नलचे संदेश दाखवणारी dmesg कमांड) एसओएफची, म्हणजे या लॅपटॉपच्या ऑडिओ फर्मवेअरची, ओळ शोधा. फर्मवेअर सापडलं नाही असं तिथे लिहिलं असेल, तर त्याचं पॅकेज टाकून रीबूट करा.