उंच पोरगा: सीनियरच्या बाकावर की ज्युनियरच्या कोर्टवर?
पुण्यात डेक्कन असो की कोथरूड, बास्केटबॉलच्या सीनियर संघात 16 वर्षांच्या सेंटरला (रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूला) जेमतेम 4-5 मिनिटं मिळतात. तेवढ्यात तो गडबडतो, चेंडू छातीखाली आणतो, समोरचा चपळ गार्ड तो हिसकावतो आणि पोरगा परत बाकावर. फायदा होतो तो सरावात: दणकट गड्याला पाठीने रोखणं, स्क्रीन लावून (सोबत्यामागे धावणाऱ्याची वाट अंगाने अडवून) लगेच रिंगकडे वळणं.

ज्युनियरमध्ये 40 पैकी 28-30 मिनिटं मिळू शकतात, चूक त्याच सामन्यात सुधारता येते. धोका एकच, पण मोठा: नुसत्या उंचीवर रिबाउंड (हुकलेल्या नेमाचे परतलेले चेंडू) मिळाले की बॉक्स-आउट, म्हणजे समोरच्याला अंगाने मागे रोखणं, सुटतो.

आमचा कौल: सराव सीनियरबरोबर, सामने ज्युनियरचे. गुणांपेक्षा बॉक्स-आउट आणि फाउल मोजा. पाचव्या फाउलवर बाहेर जाणाऱ्या सेंटरचे पाय बहुधा उशिरा पोचतात, म्हणून हात चालतो.