ऑक्टोबरात फी अडली तर: ॲप, पतसंस्था की सोनेतारण?

तासगाव-पलूसकडच्या बागायतदाराच्या घरी ऑक्टोबर म्हणजे पैसा नुसता बाहेर जाण्याचा महिना. छाटणी, मजुरी, औषधं. आणि द्राक्षाचे पैसे येणार ते जानेवारीनंतर. नेमकं त्याच सुमारास सांगलीत शिकणाऱ्या पोराचा परीक्षा फॉर्म सुटतो, वर मेस आणि खोलीभाडं. महाडीबीटीची शिष्यवृत्ती मंजूर असली तरी खात्यावर कधी पडेल याचा भरवसा नसतो. अडचण पाच-दहा हजारांची, दोन-तीन महिन्यांची. एवढ्यासाठी शैक्षणिक कर्जाची फाईल कोण करणार?

मी स्वतः पदवीला असताना ॲपवरून कर्ज घेतलं होतं. पुढे धाकट्या बहिणीच्या फीला आईच्या नावावर सोनेतारण केलं. पतसंस्थेचं वडिलांमुळे जवळून पाहिलंय, तेवढंच.

पतसंस्थेपासून सुरुवात करतो. माणसं ओळखीची असतात, हप्ता आठ दिवस मागेपुढे झाला तर ऐकून घेतात. पण आधी सभासद व्हायचं, शेअर्स घ्यायचे आणि मग जामीनदार शोधत भावकीत फिरायचं. ज्याच्याकडे सही मागाल तो ‘घरात विचारून सांगतो’ म्हणतो, आणि तोवर फॉर्मची तारीख निघून जाते. वडील आधीपासून सभासद असतील आणि हाताशी आठवडाभर असेल, तर मात्र पतसंस्था वाईट नाही.

ॲपचा वेग कुणालाच गाठता येत नाही, हे मान्यच करावं लागेल. रात्री खोलीवर बसून अर्ज केला आणि पैसे आले. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम घातल्यापासून बरंच सुधारलंय. कर्जाची रक्कम थेट बँकेच्या किंवा एनबीएफसीच्या (बँक नसलेल्या, पण कर्ज देणाऱ्या वित्त कंपनीच्या) खात्यातूनच यावी लागते, सगळे आकार धरून वार्षिक दर किती पडतो तो लेखी द्यावा लागतो आणि फोनमधले कॉन्टॅक्ट, फोटो उघडायची ॲपला मुभा नाही. जुलै २०२५ पासून अशा ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. यादीत नाव नसेल तर त्या ॲपला हातच लावू नका.

पण माझं ॲप नियमातलं होतं, तरी मन उठलं ते एका गोष्टीमुळे: मागितलेली रक्कम हातात येत नाही. समजा मंजूर झाले ५००० रुपये. प्रोसेसिंग फी ५००, तिच्यावर १८ टक्के जीएसटीचे ९०. खात्यावर पडले ४४१०. आता फॉर्म भरायला ५००० लागत असतील तर पोर्टल एक रुपयासुद्धा कमी घेत नाही. जास्त मागावेत, तर नव्या ग्राहकाची मर्यादाच तेवढी. म्हणजे कर्ज डोक्यावर चढलं, व्याज पूर्ण ५००० वर सुरू झालं, आणि फॉर्म तिथेच अडलेला. मग उरलेल्या ५९० साठी रूममेटकडे हात पसरा, नाहीतर दुसरं ॲप उघडा. माझ्या ओळखीतली जी मुलं तीन-तीन ॲपमध्ये अडकली, त्यांची सुरुवात अशाच पाच-सहाशे रुपयांनी झाली होती. चैनीसाठी कुणी घेतलं नव्हतं. याचं मला आजही वाईट वाटतं.

सोनेतारणात आकार नसतात असं नाही. मूल्यांकन करणाऱ्या सराफाची फी असते, काही ठिकाणी प्रोसेसिंगही लावतात. पण ते टेबलावर समोरासमोर कळतं, आणि दागिन्याच्या किमतीत वाव असल्याने ‘हातात पाच हजार पडू द्या’ असं सांगून रक्कम त्या हिशेबाने वाढवून घेता येते. एप्रिल २०२६ पासून अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याची मुभा आहे, म्हणजे आपल्या गरजेला एखादी अंगठी किंवा वापरात नसलेले वेल पुरेत. महिन्याच्या हप्त्याऐवजी मुदतीअखेर एकदम फेडायची सोय बऱ्याच बँकांत असते. शिष्यवृत्ती आली की सोडवायचं, नाहीतर बागेचे पैसे आल्यावर. कर्ज आईच्या नावावर, त्यामुळे पोरगं अजून अठराचं नसलं तरी अडत नाही.

अर्थात आईला शेतातली कामं टाकून शाखेत यावं लागतं, आणि दागिना पुढे करताना तिचा चेहरा बघवत नाही. मुदत उलटली तर लिलावाची नोटीस येते, हेही विसरू नये. ज्यांच्या घरी सोनं नाही त्यांना मी हे कोणत्या तोंडाने सांगू? त्यांनी कर्जाआधी कॉलेजच्या ऑफिसात टप्प्याटप्प्याने फी भरण्याचा अर्ज द्यावा. तोंडी नको, लेखी द्या आणि पोच घ्या.

घरात एखादा दागिना असेल तर मी सोनेतारणाकडेच झुकेन. जाताना आईचं आधार, पॅन आणि पासबुक बरोबर ठेवा. मूल्यांकन करणारे सराफ प्रत्येक शाखेत दिवसभर बसलेले नसतात, तेव्हा त्यांची वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारा, म्हणजे आईला दुसरी खेप पडणार नाही.