स्लीव्ह करून वीस महिने झाले: वजन, रिपोर्ट आणि एक वाईट पंधरवडा

फेब्रुवारी २०२४ मध्ये माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झाली, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठराचा मोठा भाग कापून काढायचं ऑपरेशन. तेव्हा वय ४४, उंची १५७ सेंटिमीटर, वजन ११२ किलो. आज सकाळी काट्यावर ७९ भरलं. चौदाव्या महिन्यात ७६ पर्यंत गेले होते, तिथून तीन किलो परत आलेत. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४५ वरून ३२ वर आलाय, म्हणजे तक्त्याप्रमाणे मी अजूनही लठ्ठच. पण नाशिकरोड स्टेशनचा जिना मधे न थांबता चढते, आणि मांडी घालून जेवायला बसले तर उठताना कुणाचा हात लागत नाही. स्लीव्हमध्ये साधारणपणे आधीच्या वजनाच्या पंचवीस ते तीस टक्के उतरतं. माझंही तेवढंच उतरलं. "पन्नास किलोची होशील बघ" असं सांगणारे बहुधा लग्नातल्या फोटोवरून बोलतात.

शुगरचं सांगते, कारण मी मुळात त्यासाठीच गेले होते. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा रिपोर्ट, ९.१ होतं, दोन गोळ्या आणि रात्रीचं इन्सुलिन चालू होतं. आता ६.३ आहे आणि मेटफॉर्मिनची एक गोळी. इन्सुलिन तर हॉस्पिटलमधून घरी येतानाच बंद झालं होतं, वजन हलायच्याही आधी. तरी "डायबेटिस गेला" हे शब्द मी तोंडातून काढत नाही. अमेरिकेत क्लीव्हलँडला १५० जणांवर स्टॅम्पीड नावाचा अभ्यास झाला. पाच वर्षांनी एचबीए१सी ६ किंवा त्याखाली असलेले लोक नुसत्या औषधांच्या गटात ५ टक्के, स्लीव्हच्या गटात २३ आणि बायपासच्या (हृदयाचं नव्हे, जठर लहान करून त्याला आतडं जोडायचं ऑपरेशन) गटात २९ टक्के निघाले. पाचापुढे तेवीस म्हणजे पुष्कळच झालं. पण शंभरातले सत्याहत्तर तिथवर पोचले नाहीत, हेही त्याच आकड्यात लिहिलंय. माहितीपत्रकात ते तसं लिहून येत नाही.

घोरणं थांबलं. झोपेत नाकातून हवा देणारं सीपॅपचं मशीन माळ्यावर गेलंय. हे म्हणतात, आता घरात झोप लागते पण सवयीने रात्री एकदा उठून तू श्वास घेतेस ना ते बघतो.

सासूबाईंना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "गडकरींनी केली तीच ना?" हो, वजन उतरवायचीच. २०११ मध्ये गडकरींनी करून घेतल्यापासून आपल्याकडे असं ऑपरेशन घरोघरी माहीत आहे. सासूबाईंचा पुढचा प्रश्न मात्र जास्त खरा होता: "जिवाला काही होणार नाही ना गं?" याचं उत्तर शोधण्यात मी तीन महिने घालवले. २००९ मध्ये अमेरिकेतल्या दहा केंद्रांवरच्या सुमारे पावणेपाच हजार रुग्णांचा अभ्यास आला होता. त्यात बायपास केलेल्या किंवा जठराभोवती पट्टा बसवलेल्यांपैकी महिन्याभरात दगावलेले ०.३ टक्के, आणि मोठी गुंतागुंत झालेले ४.३ टक्के. त्यानंतरच्या मोठ्या नोंदींमध्ये मृत्यूचं प्रमाण हजारी एकाच्या आसपास सांगतात. पित्ताशय काढायला आपण फार विचार न करता जातो, त्याच्या जवळपासचाच हा धोका.

पण हे झालं सरासरीचं. मला हलवून सोडलं ते मिशिगनच्या अभ्यासाने, २०१३ चा. तिथल्या वीस सर्जननी आपापल्या बायपासचा एकेक व्हिडिओ दिला, आणि कोण करतंय हे न सांगता दुसऱ्या सर्जननी त्यांच्या हाताला गुण दिले. सगळ्यात कमी गुण मिळालेल्यांच्या रुग्णांमध्ये गुंतागुंत १४.५ टक्के, सगळ्यात जास्त गुण मिळालेल्यांच्या रुग्णांमध्ये ५.२. ऑपरेशन तेच, हात वेगळे. आता आपण काही कुणाचा व्हिडिओ बघून गुण देऊ शकत नाही. म्हणून मी पुण्यात तीन ठिकाणी जाऊन तीनच गोष्टी विचारल्या. वर्षाला किती करता, तुमच्या हातून लीक (शिवलेलं जठर आत गळणं) झाले ते किती, आणि लीक झालं तर रात्री दोन वाजता पोट उघडायला कोण येणार. एका ठिकाणी उत्तराऐवजी आधी-नंतरच्या फोटोंचा अल्बम हातात आला. दुसऱ्या डॉक्टरांनी तिन्ही आकडे सांगितले, लीकचासुद्धा. तिथेच केलं.

विम्याचं थोडक्यात. नियामकाच्या नियमाप्रमाणे बीएमआय ४० किंवा जास्त असेल, किंवा ३५ किंवा जास्त असून हृदयविकार, गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडणं), आटोक्यात न येणारा डायबेटिस असं काही असेल तर क्लेम बसतो. बाकीचे उपाय करून वजन उतरलं नाही हेही दाखवावं लागतं. मी डाएटिशियनच्या जुन्या पावत्या फेकल्या नव्हत्या, म्हणून वाचले. कॅशलेस आधी नाकारलं, मग झालं.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे जवळजवळ उपासच असतो: प्रोटीन शेक, ताक, पातळ सूप. मला वाटायचं, ही आपल्या मनाच्या तयारीची परीक्षा असावी. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं की जठरावर लिव्हरचा डावा भाग झाकणासारखा असतो, तो चरबीने फुगलेला असला की दुर्बिणीतून काम करायला जागाच राहत नाही. दोन आठवड्यांत तो आकसतो. हे कळल्यावर शेजारच्या बारशाला पेढा पुढे आला तरी हात गेला नाही.

ऑपरेशन दीड तासाचं. जठराचा जवळपास पंच्याहत्तर-ऐंशी टक्के भाग कापून बाहेर काढतात, उरते केळ्याच्या आकाराची नळी. काढलेला भाग परत बसवता येत नाही, हे सही करण्याआधी दोनदा वाचा. संध्याकाळी सहाला सिस्टरनी उठवून चालवलं, कारण पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं हा या ऑपरेशनमधला मोठा धोका. घरी आल्यावर दोन आठवडे रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं पोटात घ्यायची होती. ह्यांनी दिली. पहिल्या दिवशी त्यांचा हात इतका थरथरत होता की मीच म्हटलं, अहो, मी डोळे मिटते, तुम्ही उघडे ठेवा.

त्याच सिस्टरनी एक गोष्ट शिकवली, ती माझ्या मते अख्ख्या फाइलपेक्षा मोलाची. नाडी मोजायची. कापलेलं जठर स्टेपलने शिवतात, ती रेघ लांब असते, आणि ती गळलीच तर बहुतेक वेळा वरच्या टोकाला, अन्ननलिकेजवळ गळते. पोट दुखायच्या किंवा ताप यायच्या आधी नाडी पळायला लागते. "१२० च्या वर गेली तर दुखत नसलं तरी निघून यायचं," असं म्हणाल्या. मी महिनाभर कॅलेंडरच्या चौकटींत सकाळ-संध्याकाळ आकडे लिहिले. दूधवाल्याचा हिशोब त्या महिन्यात वहीत गेला.

लीक नाही झालं. झालं ते भलतंच, पाचव्या आठवड्यात.

पातळावरून मऊ खाण्यावर आले आणि मुगाची खिचडी टिकेना. मग आंबील टिकेना. मग पाणी. हॉस्पिटलच्या को-ऑर्डिनेटरला तीन वेळा फोन केला. "मॅडम, सुरुवातीला होतंच असं, हळू खा, चावून खा." पाणी कसं चावणार? तरी ऐकलं, कारण आपलंच चुकत असणार असं जाड माणसाला आयुष्यभर शिकवलेलं असतं. बाराव्या दिवशी तळपायाला मुंग्या आल्या आणि बाथरूमला जाताना भिंत धरावी लागली. हे मला आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी "किती दिवस उलट्या?" एवढंच विचारलं, डोळ्यांसमोर बोट फिरवलं आणि कंपाउंडरला म्हणाले, "आधी बी१. ग्लुकोजची बाटली लावायची नाही, साधं सलाईन."

तेव्हा काही कळलं नाही, नंतर कळलं. बी१ म्हणजे थायमिन, त्याचा साठा शरीरात जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. सतत उलट्यांनी तो संपतो, आणि अशा माणसाला थायमिन न देता ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलंही त्यात खर्ची पडतं. मेंदूला इजा होते, तोल जातो, डोळे भिरभिरतात, स्मरणशक्तीवर कायमचा घाला येऊ शकतो. आणि अशक्त झालेल्या बाईला ग्लुकोज चढवणं हा आपल्याकडचा पहिला उपाय! त्या दिवशी आमचे डॉक्टर गावाला गेले असते तर, हा विचार मी अजूनही पुरा करत नाही.

नाशिकलाच एंडोस्कोपी झाली. नळीच्या मधल्या वळणावर जागा आवळली होती. फुग्याने दोनदा रुंद केली, आणि दुसऱ्या वेळेनंतर मी वाटीभर वरण प्यायले. पायाच्या मुंग्या जायला तीन महिने लागले. सर्जनचा नंतर फोन आला, मनापासून बोलले. माझे फोन त्यांच्यापर्यंत पोचलेच नव्हते. मी ज्या डॉक्टरला आकडे विचारून निवडलं, त्याच्यापुढे फोन उचलायला कोण बसलंय हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. तुम्ही विचारा. आणि चोवीस तास पाणी टिकलं नाही तर फोन करत बसू नका, जा.

बाकी रोजचं आयुष्य श्रीखंडाच्या छोट्या चमच्याने चाललंय. दोन पोळ्यांच्या जागी अर्धी भाकरी, तीही ताकात कुस्करून. पोळी घशाखाली दगडासारखी उतरते. जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास पाणी नाही. दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम प्रोटीन शाकाहारी माणसाने भरून काढायचं म्हणजे पनीर, सोया, डाळी आणि ती व्हे पावडर, जिचा वास मला आता स्वप्नातही येतो. चौथ्या महिन्यात केस मूठ-मूठ गेले. अंबाड्याची पिन बसेना, नवव्या महिन्यात परत बसायला लागली. पित्ताचे खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने गोळी होती. बी१२, डी, कॅल्शियम, लोह हे कायमचं. दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं. पॅकेजमधला फॉलोअप वर्षाला संपला, त्यानंतरचे रिपोर्ट कधी करायचे याचा एकही मेसेज तिथून आलेला नाही. मीच फ्रीजवर तारखा लावल्यात.

"इंजेक्शन आलंय ना, मग उगाच कापून घेतलंस," असं हल्ली ऐकू येतं. मौंजारो आणि वेगोव्ही ही वजन उतरवायची इंजेक्शनं इथे २०२५ मध्ये आली. मला तेव्हा ती वाट नव्हती. आज असती तर? वर्षभर घेऊन पाहिलं असतं, हे कबूल करते. पण ती थांबवली की बऱ्याच जणांचं वजन परत चढतं, आणि महिन्याचा तो खर्च जन्मभर चालवणं मला जमलं असतं असं वाटत नाही.

सध्याचं दुखणं म्हणजे जळजळ. ऑपरेशनच्या आधी कधीच नव्हती. आता पहाटे तीनला घशाशी आंबट येतं, दोन उशा घेऊन झोपते, रोज गोळी. हे स्लीव्हचं ओळखीचं दुखणं आहे. फिनलंडच्या स्लीव्हपास अभ्यासात दहा वर्षांनी अन्ननलिकेची सूज स्लीव्हवाल्यांत ३१ टक्के, बायपासवाल्यांत ७ टक्के दिसली. ऑपरेशनच्या आधी माझी एंडोस्कोपी झाली होती आणि बायपासचा विषयही निघाला होता. "आतडं जोडायला नको" या भीतीने मीच स्लीव्ह म्हटलं. आधीपासून ॲसिडिटी असलेल्यांनी या एका गोष्टीवर डॉक्टरांशी नीट वाद घालावा.

फारच वाढली तर स्लीव्हचं बायपासमध्ये रूपांतर करता येतं, असं सर्जन म्हणतात. डिसेंबरमध्ये एंडोस्कोपी आहे. ह्यांनी रजा टाकून ठेवलीये. काय निघतं ते बघून पुढचं लिहिते.