विहिरीचं पाणी आणि आरओ: चौदा महिन्यांनंतर

गोराईला आमच्या घरामागे आजोबांनी खणलेली विहीर आहे. उन्हाळ्यात पाणी मचूळ होतं, डाळ शिजता शिजत नाही. म्हणून गेल्या मार्चात फिल्टरवाल्याला बोलावलं. त्याने दोन ग्लासांत सळ्या बुडवून करंट सोडला. आमचं पाणी मिनिटभरात तपकिरी चिखल, त्याचं आरओचं (बारीक पडद्यातून क्षार गाळलेलं) तसंच नितळ. आई पदर तोंडाला लावून बघत राहिली. तो चिखल सळ्यांच्याच लोखंडाचा होता. क्षारांच्या पाण्यातून वीज वाहते आणि सळी झिजते, आरओच्या पाण्यात वीज वाहायला क्षार फारच कमी असतात. हे मला कळेपर्यंत ॲडव्हान्स देऊन झाला होता.

मग निदान पाणी तरी तपासू म्हटलं. लॅबने निर्जंतुक बाटली दिली, आतून विसळायची नाही अशी तंबी देऊन. मासळीच्या थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून ती बोटीने बोरिवलीला नेली. बोटीत दोघांनी पापलेटचा भाव विचारला.

रिपोर्टमध्ये टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार मिलिग्रॅममध्ये, ८६० (मानक ५००, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत), कठीणपणा ४१० (मानक २००, कमाल ६००). हे चालून गेलं असतं. पण ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, १०० मिलीत एकही नको, तो सापडला. जुलैत विहिरीच्या पाण्याला टीडीएस मीटर २९० दाखवत होता, आम्ही खूश. त्याच आठवड्यात एचटूएसची बाटली (पाण्यात विष्ठेचे जंतू असले तर काळी पडते) भरून ठेवली, ती सकाळपर्यंत काळी! पावसाने क्षार पातळ होतात आणि शोषखड्ड्यातली घाण विहिरीत उतरते. मीटरला जंतू दिसतच नाहीत.

आता मशीनचं. चव छान, डाळ शिजते, जंतू मारणाऱ्या यूव्ही दिव्याची तक्रार नाही. पण सहा महिने चालेल म्हटलेली, गाळ अडवणारी बाहेरची कांडी पावसात पाच आठवड्यांत पिवळीजर्द. बादली लावून मोजलं, एक बादली शुद्ध पाण्यामागे जवळजवळ तीन बादल्या वाया. ते जास्त क्षारांचं पाणी फरशीला आणि नारळाला घालतो, कुंड्यांना नाही. नवव्या महिन्यात मेम्ब्रेन, म्हणजे तो क्षार गाळणारा पडदा, गेलं, शुद्ध पाण्याचा टीडीएस ४० वरून १३० वर. टेक्निशियन म्हणतो, "पाणी हार्ड आहे ना तुमचं." अरे, रिपोर्ट मशीन बसवायच्या आधीच तुझ्या हातात दिला होता!

खरा फरक विहिरीच्या डागडुजीने पडला. कठड्याची भेग बुजवली, वर डास जाणार नाहीत अशी बारीक जाळी बसवली. आणि ब्लीचिंग पावडर, हजार लिटरला अडीच ग्रॅम. आमची विहीर अडीच मीटर रुंद, तीन मीटर पाणी, म्हणजे साधारण पंधरा हजार लिटर, सदतीस ग्रॅम. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळच विहिरीत ओतायची. किमान अर्धा तास थांबावं लागतं, आम्ही रात्रभर पाणी उपसत नाही. मेम्ब्रेनला क्लोरीन चालत नाही, त्यामुळे आधीचा कार्बन फिल्टर वेळेवर बदलायचा. त्यानंतरची बाटली दोन दिवस ठेवली तरी काळी झाली नाही.

एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, वाढवायचा फोन परवा आला होता. आधी मेम्ब्रेनचे पैसे कोण देणार ते सांगा म्हटलं, अजून उत्तर नाही.