ओसाकाचं बुनराकू: बाहुल्या बघा, पण कान उजवीकडे ठेवा

बुनराकू म्हणजे जपानचं पारंपरिक बाहुलीनाट्य. ओसाकाच्या नॅशनल बुनराकू थिएटरचं तिकीट काढणार असाल, तर उजवीकडच्या पुढच्या खुर्च्या मागा. बाहुल्या मधूनच नीट दिसतात, मान्य. पण गाणारा आणि वाजवणारा बसतात प्रेक्षकांच्या उजव्या हाताला, बाहेर काढलेल्या एका छोट्या चौथऱ्यावर. मी पेटीची साथ करतो, त्यामुळे माझं मत एकतर्फी असणारच. "अहो, समोर बघा की!" असं बायकोने दोनदा कोपर मारून सांगितलं.

चौथरा गर्रकन फिरतो आणि गायक-वादकांची नवी जोडी समोर येते. काळ्या बुरख्यातला एक माणूस त्यांची नावं पुकारतो. मग गायक, म्हणजे तायू, पुढ्यातली पोथी दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावतो. इथेच मी विरघळलो होतो, गाणं सुरू व्हायचं होतं तरी. त्यानंतर म्हातारा, तरुणी, खलनायक, निवेदक, सगळे तो एकटाच. दम टिकावा म्हणून अंगरख्याच्या आत पोटाशी वजनाची पिशवी ठेवतात. हुंदका बेंबीच्या देठापासून येतो म्हणतात, तो इथे डोळ्यांनी दिसतो.

शेजारी शामिसेन. तीन तारा, जाड दांडी, आणि हातातली जडशी नखी तारेबरोबर खालच्या कातड्यावरही आपटते, म्हणून सुरात थोडा ठोका मिसळलेला. आम्ही पेटीवाले गायकाने श्वास घेतला की लगेच जागा भरतो. हा गृहस्थ भरत नाही. गायक रडतोय, आणि हा एक सूर टाकून गप्प. पुढचा कधी येणार, याची वाट बघताना माझाच श्वास अडकला.

खेळ होता 'सोनेझाकी शिन्जू'. याच शहरात 1703 साली एका प्रेमी जोडप्याने जीव दिला आणि नाटककार चिकामात्सूने त्याच वर्षी त्यावर हे नाटक लिहिलं. नायिका ओहात्सु ओसरीच्या कडेला बसलेली, तिच्या वस्त्राआड, ओसरीखाली तिचा प्रियकर तोकुबेई लपलेला. मरायची तयारी आहे का, हे ती भलत्याशीच बोलतेय असं दाखवून विचारते. तो तिचं पाऊल धरून स्वतःच्या गळ्यावरून फिरवतो. बुनराकूत बायकांच्या बाहुल्यांना सहसा पाय नसतातच, नुसता वस्त्राचा घोळ हलवून चालणं दाखवतात. इथे मात्र एक पांढरं पाऊल बाहेर येतं. तायूने आवाज अगदी खाली आणला होता, आणि एरवी सहजासहजी न हेलावणारी बायको रुमाल शोधत होती. मला जपानी येत नाही. माझ्याही डोळ्यांना धार लागली.

इंग्रजी निवेदनाचा इयरफोन भाड्याने मिळतो. गोष्ट कळेपर्यंत लावा, गाणं चढलं की सरळ काढून टाका. खेळ लांबलचक असतो. मध्यंतरात खायचा डबा आधीच घेऊन ठेवा. लहान मुलांना नेऊ नये असं माझं मत, शेवट मरणाचा आहे आणि तो हळूहळू येतो.

थिएटर निप्पोनबाशी स्टेशनला लागूनच आहे. तिथले मुख्य हंगाम जानेवारी, एप्रिल, उन्हाळा आणि नोव्हेंबर. सोनेझाकी दर वेळी लागत नाही, तेव्हा काय चाललंय ते बघून मगच विमानाचं ठरवा.