दुकानापुढची मोकळी जागा: फिकट लेप की झाडांची सावली?
नवं काळं डांबर जेमतेम 5 टक्के ऊन परत फेकतं. बाकीची उष्णता साठवून रात्रीपर्यंत सोडत राहतं. त्यावर फिकट परावर्तक लेप दिला की जमीन लगेच कमी तापते. पण परतलेलं ऊन दुपारी चालणाऱ्याच्याच अंगावर येतं, डोळे दिपतात, आणि अंधुक दिसणाऱ्यांना पिवळ्या स्पर्शपट्ट्या (पायाला जाणवून वाट दाखवणाऱ्या उंचवट्यांच्या पट्ट्या) फिकट जमिनीत वेगळ्या ओळखू येत नाहीत. लेपात खरखरीत कण नसतील तर पावसात पाय घसरतो. मला हा धोका सगळ्यात मोठा वाटतो.

झाडांना वर्षं लागतात. मुळांनी फरशी उचलली तर व्हीलचेअर अडते, म्हणून मुळांना पुरेशी माती हवीच. तरी माणसाला खरा गारवा सावलीतच मिळतो. मी पायवाटेवर आणि रॅम्पपाशी झाडं लावेन, लेप फक्त गाड्यांच्या जागेवर.