तरुणांची वेगळी उपासना, की सगळ्यांची एकच?

इंदूरच्या मराठी ख्रिस्ती घरांतली मुलं घरात मराठी बोलतात, कॉलेजात हिंदी, आणि मोबाइलवर हिंदी-इंग्रजी स्तुतिगीतं ऐकतात. ती चर्चच्या मंडळीत टिकावीत म्हणून साधारण दोन वाटा निघतात: संध्याकाळी बँडसह वेगळी उपासना, किंवा सकाळच्याच उपासनेत पेटी-ढोलकीशेजारी गिटार.

वेगळ्या उपासनेचे फायदे खरे आहेत. गाणी निवडायला मोकळीक मिळते, बाहेरचे मित्र बिचकत नाहीत, सुरुवातीला गर्दीही होते.

पण मला एक गोष्ट फार खटकली आणि माझ्यापुरता निकाल तिथेच लागला: बँड टिकत नाही. सगळं पाच-सहा जणांवर उभं असतं. ड्रमवाला नोकरीसाठी पुण्याला जातो, कीबोर्डवालीची परीक्षा येते, आणि पुढच्या रविवारी एकटी गिटार कसंबसं निभावते. गाणी दर आठवड्याला यूट्यूबवरून नवी, त्यामुळे बाकांवरच्यांना ती पाठ नसतात. गाण्यांचे कॉर्ड (साथीचे स्वरसमूह) लिहिलेली वहीसुद्धा जाणाऱ्याबरोबर जाते. सकाळी मात्र पेटीवाले काका जागेवर असतात. गिटार आली नाही म्हणून भजन थांबत नाही.

एकत्र उपासना जमवायला मेहनत आहे. जुन्या पेटीचे सूर ४४० हर्ट्झ या आजच्या प्रमाण पट्टीवर नेमके असतातच असं नाही, म्हणून ट्यूनरवर (सूर मोजणाऱ्या यंत्रावर) लावलेली गिटार तिच्याजवळ बेसूर वाटते. गिटार पेटीवरूनच लावावी आणि कीबोर्डचं मास्टर ट्यूनिंग, म्हणजे सगळे सूर एकदम वरखाली करायची सेटिंग, तेवढंच सरकवावं. नवी गाणी मुख्य गायकाच्या उंच आवाजासाठी रेकॉर्ड केलेली असतात. चाल वरच्या सप्तकातल्या पांढरी तीनच्या (पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या) पुढे गेली की मागचे बाक गप्प होतात. अशी गाणी दोन-तीन स्वर खाली आणावीत. कॅपोने, म्हणजे गिटारच्या दांडीवर लावायच्या चिमट्याने, सूर फक्त वर चढतो, त्यामुळे कॉर्डच बदलून लिहावे लागतात. आठ मात्रांच्या भजनी ठेक्यावर चार-चार मात्रांचा ड्रम नीट बसतो, सहा मात्रांच्या दादऱ्यावर तोच ताल धरला तर सगळे अडखळतात. उंच छताच्या, घुमणाऱ्या चर्चमध्ये पूर्ण ड्रमसेट शब्द गिळतो. तिथे काहोन, म्हणजे वर बसून हाताने वाजवायचा लाकडी खोका, पुरतो.

उपासनेला पाच गाणी असतील तर तीन गीतपुस्तकातली, दोन नवी, एवढं आमच्याकडे पचलं. अगदी अनोळखी गाणं महिन्याला एकच, आणि तेच सलग तीन-चार रविवार. प्रभुभोजनाच्या वेळी शक्यतो जुनंच भजन, पण गिटारच्या हलक्या साथीवर. तरुण पोरं तिथे खरोखर गातात. वडीलधाऱ्यांची कुरकुर होतेच. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंगाचा, कीर्तनाचा बाज ख्रिस्ती उपासनेत रुजवला. तोही कधीकाळी नवाच होता, हे शांतपणे सांगितलं की बरेचजण ऐकून घेतात.

प्रत्येक वाद्याला दोन-दोन वाजवणारे असतील, तर वेगळी उपासना कदाचित चालेलही. नाहीतर तीन महिन्यांतून एक संध्याकाळ पूर्णपणे तरुणांच्या हाती द्यावी, पण गाणी सकाळी रुळलेलीच घ्यावीत आणि कॉर्डची वही चर्चच्या कपाटात ठेवावी.